आवळण्याआधी: जुन्या मोटारींचे ड्रम ब्रेक आणि हर्णेची खारी हवा

ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागले की गाडी गॅरेजात नेऊन ब्रेक ‘आवळून’ घ्यायचे, ही जुन्या मोटारींच्या मालकांची जुनीच रीत आहे, आणि मेकॅनिकही पुष्कळदा फारशी चौकशी न करता चाकामागचा अ‍ॅडजस्टर फिरवून गाडी परत करतात. आवळल्याने पेडल वर येते, यात शंका नाही. पण अडचणही तिथूनच सुरू होते, कारण गळका सिलिंडर, गंजून अडकलेला पिस्टन किंवा नळीत शिरलेली हवा यांपैकी कोणताही दोष असला तरी आवळलेला ब्रेक काही दिवस बरा वाटतो आणि मूळ दोष झाकला जातो. अ‍ॅडजस्टरचे काम एकच असते, ते म्हणजे ब्रेक लावलेला नसताना शू आणि ड्रम यांच्यात किती फट राहावी हे ठरवणे. या एका कामापलीकडचे दोष त्याच्याकडून दुरुस्त करून घेण्याचा प्रयत्न कोठेही वाईटच, परंतु हर्णेसारख्या बंदरगावात, जेथे समुद्राची खारी हवा बारा महिने पत्रा आणि लोखंड खात असते, तो विशेष महागात पडतो.

ज्या गाड्यांविषयी हे सांगायचे त्या कोकणाला परक्या नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट गाड्यांपैकी १९५० च्या दशकातील गुबगुबीत ११०० ला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकले. १९६४ पासून तिच्या जागी चौकोनी घडणीची ११०० डी आली आणि तीच पुढे नावे बदलत १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आयुष्य काढलेल्या किती तरी चाकरमान्यांच्या घरी या गाडीची आठवण आहे. २००३ मध्ये नोंदलेली मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र हौशी मालकांकडे अजून आहेत. पद्मिनी, तिच्या बरोबरीची हिंदुस्थान मोटर्सची जुनी अ‍ॅम्बॅसेडर आणि महिंद्रांनी विलीज कंपनीच्या परवान्याने बांधलेली जीप, या तिन्हींच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. आजच्या मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात आणि ते झीज आपोआप भरून काढतात, त्यामुळे तरुण मेकॅनिकचा हात ड्रमवर बसलेला नसतो. हेही आंधळेपणाने आवळण्याचे एक कारण आहे.

ड्रम ब्रेकची रचना मुळात साधी आहे. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पोकळ डबा म्हणजे ड्रम, आणि त्याच्या पोटात, न फिरणाऱ्या पत्र्याच्या तबकडीवर, म्हणजे बॅकप्लेटवर, बसवलेल्या अर्धचंद्राकृती दोन पट्ट्या म्हणजे शू. या शूंच्या बाहेरच्या अंगावर घर्षण देणारे लायनर रिव्हेट केलेले किंवा चिकटवलेले असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ब्रेक ऑइलला ढकलतो, तो दाब नळ्यांतून चारही चाकांत सारखाच पोचतो, तेथील व्हील सिलिंडरचे छोटे पिस्टन बाहेर सरकतात आणि शू ड्रमच्या आतील भिंतीवर दाबले जातात. पेडल सोडले की स्प्रिंग शूंना परत आत ओढून घेतात. शू किती आत यावेत हे अ‍ॅडजस्टर ठरवतो. काही गाड्यांत तो कॅमच्या रूपात असतो, म्हणजे मध्याबाहेर आस असलेली चकती, जी बॅकप्लेटमागचा बोल्ट फिरवल्यावर शूला बाहेर रेटते. विलीज जीपमध्ये अशीच व्यवस्था आहे. काही गाड्यांत दात असलेले छोटे चक्र बॅकप्लेटच्या खाचेतून स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवावे लागते, तर काहींत चौकोनी डोक्याचा पाचरीसारखा स्क्रू असतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये यांपैकी कोणती रचना दाखवली आहे हे पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

दोन शू दिसायला सारखे असले तरी त्यांचे वागणे सारखे नसते. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला ज्याचे मोकळे टोक आधी येते त्या शूला फिरता ड्रम स्वतःकडे अधिकच ओढून घेतो, म्हणजे पायाने दिलेल्या जोरात घर्षण स्वतःची भर घालते. हा अग्रगामी शू. दुसऱ्या शूला मात्र तेच घर्षण दूर लोटते, म्हणून तो अनुगामी. त्यामुळे अग्रगामी शूचे लायनर आधी झिजते, आणि ड्रम उघडल्यावर एक लायनर पातळ व एक जाड दिसले तर तो दोष समजण्याचे कारण नाही. अनेक गाड्यांच्या पुढच्या चाकांत दोन स्वतंत्र सिलिंडर देऊन दोन्ही शू अग्रगामी केलेले असतात. अशी गाडी पुढे जाताना उत्तम थांबते, परंतु चढावर मागे घसरू लागली तर तिचे पुढचे ब्रेक पुष्कळच दुबळे पडतात, आणि हा गुणधर्म माहीत नसलेला मालक ब्रेक बिघडल्याची तक्रार घेऊन येतो.

फटीचा आणि पेडलचा संबंध थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर यांचा व्यास सारखाच आहे, चार चाकांत मिळून आठ पिस्टन आहेत, आणि लायनर झिजल्यामुळे प्रत्येक पिस्टनला पूर्वीपेक्षा अर्धा मिलिमीटर अधिक सरकावे लागते. मग मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ४ मिलिमीटर अधिक जावे लागेल, आणि पेडलची तरफ पाचपट असेल तर पाय २० मिलिमीटर अधिक खाली जाईल. चाकाजवळ डोळ्यांना न दिसणारी झीज पायाखाली बोटाएवढी होते ती अशी. म्हणून अ‍ॅडजस्टमेंट खरोखरच लागते, आणि ती वेळच्या वेळी केलीच पाहिजे. मात्र पेडल खोल जाण्याचे कारण झीज आहे की दुसरे काही, हे पायालाच आधी विचारावे लागते.

पेडल खोल जाते पण तळाशी टणक लागते, आणि लागोपाठ दोनतीनदा दाबल्यावर वर येते, तर फट वाढलेली आहे, अशी समजूत करून घेण्यास हरकत नाही. पेडल स्पंजासारखे दबते, कोठेच टणक लागत नाही, तर नळ्यांत हवा आहे. ब्रेक ऑइल दाबले जात नाही पण हवा दाबली जाते, म्हणून जोर चाकापर्यंत पोचत नाही, आणि तेथे उपाय हवा काढण्याचा, म्हणजे सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून एकेका चाकाचे निपल सोडून हवेचे बुडबुडे बाहेर काढण्याचा. पेडलवर पाय सारख्या जोराने ठेवला असता ते हळूहळू खाली उतरत जाते आणि बाहेर कोठेही गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी कप झिजलेले आहेत. ब्रेक लावताना पाय थरथरतो, तर ड्रम गोल राहिलेला नाही. यांपैकी केवळ पहिल्या तक्रारीला अ‍ॅडजस्टर हे उत्तर आहे. तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीत आवळल्याने पेडल वर येते, कारण फट कमी झाल्यावर लागणारे तेलच कमी होते. आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी व नळ्यांचा मार्ग एकच असल्यामुळे एका चाकातील गळतीने चारही चाकांचे ब्रेक जातात, हे लक्षात घेता असे झाकलेले दुखणे किती घातक आहे ते वेगळे सांगायला नको.

हर्णे येथे या सर्वसाधारण कारणांवर गंजाची छाया पडते. दापोली तालुक्यातील हे मासेमारीचे बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि किनाऱ्यावरच भरणारा मासळीचा लिलाव. होड्या खोल पाण्यात नांगरून मासळी बैलगाड्यांनी आणि लहान होड्यांनी किनाऱ्याला आणण्याची येथील पद्धत प्रसिद्ध आहे. वाळूत उतरणाऱ्या वाहनांच्या ड्रममध्ये वाळू आणि खारे पाणी जाणारच, कारण ड्रम आणि बॅकप्लेट यांच्यामधील सांध्यातून धूळ-पाणी आत शिरते आणि एकदा शिरलेले सहज बाहेर पडत नाही. परंतु समुद्रात चाक न घातलेल्या गाडीचीही सुटका नाही. खारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे सर्वांत आधी गंजतो तो अ‍ॅडजस्टरच: बॅकप्लेटमागे उघडा पडलेला, वर्षानुवर्षे न फिरवलेला, चिखलाने माखलेला. त्याच्या चौकोनी डोक्यावर ढिला पाना लावून जोर केला की कोपरे झिजून डोके गोल होते, आणि मग ड्रम उतरवून सगळे सुटे केल्याशिवाय मार्ग उरत नाही. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे, तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, बरोबर मापाचा पाना घ्यावा, आणि थोडे पुढे थोडे मागे असे करत सोडवावे. एका दमात फिरवू नये. एकदा मोकळा झाला की आट्यांना उष्णता सहन करणारे ग्रीस लावावे, आणि तेच ग्रीस अगदी थोडे, नखभर, बॅकप्लेटवर शू जेथे घासतात त्या उंचवट्यांवर लावावे. लायनरला त्याचा स्पर्शही होता कामा नये.

गंजाचे दुसरे ठिकाण आत असते आणि त्याचे मूळ ब्रेक ऑइलमध्ये असते. हे नावाला ऑइल असले तरी खनिज तेल नाही. ग्लायकॉल जातीचा हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, तर ओलावा घेतलेल्या द्रवाची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. शोषलेले पाणी व्हील सिलिंडरच्या तळाशी साचून त्याच्या गुळगुळीत भिंतीला खड्डे पाडते, पिस्टन त्यात अडकतो किंवा रबरी कप फाटून द्रव गळू लागतो. सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी बोटाने किंचित उचलून पाहावी. आत ओल दिसली तर गळती सुरू झाली आहे असे समजावे. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसते नवे रबरी किट घालणे ही काटकसर खोटी आहे, कारण नवा कपही त्याच खड्ड्यांवर घासतो. दमट किनारपट्टीवर दोन वर्षांनी तरी सगळा द्रव बदलावा, आणि तो कमी झाला म्हणून इंजिन ऑइल ओतण्याचा उद्योग कधीही करू नये. खनिज तेलाने यंत्रणेतील सगळे रबर फुगते.

ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहते, ही पावसाळ्यानंतरची नेहमीची तक्रार. येथे अ‍ॅडजस्टर सैल करण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. चाक जॅकवर उचलून, ब्रेक दाबून सोडावा, आणि चाक जड फिरत असताना त्या चाकाचे हवा काढण्याचे निपल क्षणभर सैल करावे. द्रवाची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळे झाले तर दाब आतच अडकून राहत होता. मग दोष बहुधा रबरी होजचा असतो, जो बाहेरून ठीक दिसतो पण आतून सुजून द्रवाला जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही, किंवा मास्टर सिलिंडरमधील त्या बारीक छिद्राचा, ज्यातून पेडल सोडल्यावर द्रव टाकीत परततो. पेडलला काही मिलिमीटर मोकळी चाल नसेल तर हे छिद्र झाकलेलेच राहते, आणि गाडी जसजशी तापते तसतसे चारही ब्रेक आपोआप आवळत जातात. निपल सैल करूनही चाक मोकळे झाले नाही, तर मात्र दुखणे यांत्रिक आहे: गंजलेला पिस्टन, मोडकी स्प्रिंग, आखडलेली हँडब्रेकची केबल किंवा अति आवळलेला अ‍ॅडजस्टर.

ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, याचे निदान उलट्या बाजूने करावे लागते. गाडी डावीकडे ओढत असेल तर डावे चाक जास्त धरते किंवा उजवे चाक कमी धरते, आणि दुसरी शक्यता अधिक वेळा खरी ठरते. म्हणून डावा अ‍ॅडजस्टर सैल करून समतोल साधणे म्हणजे चांगला ब्रेक बिघडवून वाईटाच्या पातळीवर आणणे होय. उजव्या ड्रममध्ये अडकलेला पिस्टन असेल, किंवा लायनरवर तेल गेले असेल. मागच्या चाकात अ‍ॅक्सलचे सील फुटून गिअर ऑइल आत येते, पुढच्या चाकात बेअरिंगचे जादा भरलेले ग्रीस उष्णतेने पातळ होऊन लायनरवर उतरते. लायनर सच्छिद्र असल्याने पेट्रोलने धुतले तरी मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येते, म्हणून ते बदलावेच, आणि एका चाकाचे नव्हे तर समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ज्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. ड्रममधील धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची गॅरेजातील सवय सोडून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

हे सगळे पाहून झाल्यावर अ‍ॅडजस्टमेंटची पाळी येते. ड्रम थंड असावेत, कारण तापलेला ड्रम फुगतो आणि तेव्हा ठेवलेली फट थंडपणी पुरत नाही. गाडी सपाट जागी, न उचललेल्या चाकांना पुढे-मागे दगड, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक पूर्ण सोडलेला. पुढचे चाक उचलल्यावर आधी ते वर-खाली धरून हलवावे. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर डुगडुगणारा ड्रम शूंना मागे ढकलत राहतो आणि पेडल पुन्हा खोल जाते, म्हणून बेअरिंग आधी, ब्रेक नंतर. मग चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवत अ‍ॅडजस्टर हळूहळू आवळावा, शू ड्रमला लागून चाक अडले की थांबावे, आणि दुसऱ्याने पेडल जोराने दाबून सोडावे. या दाबाने शू ड्रमच्या मध्यावर नीट बसतात, आणि पुष्कळदा अडलेले चाक पुन्हा फिरू लागते. तसे झाले तर अ‍ॅडजस्टर आणखी थोडा आवळावा. चाक अडलेलेच राहू लागले की तो जेमतेम इतका सोडावा की चाक मोकळे फिरेल. एखाद्या ठिकाणी हलकीशी खसखस ऐकू आली तर चालते, हाताला अडथळा जाणवता कामा नये. दोन अ‍ॅडजस्टर असतील तर प्रत्येक शूसाठी हेच करावे. मागचे चाक फिरवताना अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियलही फिरत असल्याने ते मुळातच जड लागते. तो जडपणा ब्रेकचा समजून अ‍ॅडजस्टर गरजेपेक्षा सैल ठेवला जातो, आणि मागचे ब्रेक जवळजवळ निकामी राहतात. ही चूक फार सर्रास होते.

नवे लायनर घातल्यानंतरही पेडल मऊ लागले तर गोंधळून जाऊ नये. लेथवर ड्रम आतून कातून घेतला असेल तर त्याचा व्यास वाढलेला असतो, आणि नव्या शूची गोलाई त्याच्याशी जुळत नाही; लायनर मध्येच टेकते, टोके अधांतरी राहतात, शू किंचित वाकतो आणि हवा असल्याचा भास होतो. थोडे दिवस जपून चालवल्यावर लायनर बसते आणि पुन्हा एकदा अ‍ॅडजस्टमेंट करावी लागते. ड्रम किती कातावा याची मर्यादा कंपनीने दिलेली असते. तिच्यापलीकडे गेलेला ड्रम फेकून द्यावा, मग तो कितीही दुर्मीळ असो.

हँडब्रेकची केबल नेहमी शेवटी पाहावी. बहुतेक गाड्यांत ती मागच्याच शूंना ओढते, आणि केबल ताणून पेडल वर आणण्याची युक्ती ज्यांनी केली त्यांच्या गाडीचे शू विश्रांतीच्या जागी परतच येत नाहीत, त्यामुळे त्यानंतरची अ‍ॅडजस्टमेंट सगळीच खोटी ठरते. जुन्या विलीज घराण्याच्या जीपची गोष्ट निराळी: तिचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो, म्हणून चाकांचे ब्रेक कितीही जुळवले तरी तो सुधारत नाही. याच जीपचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला असल्याने वाळूतले पाणी त्याच्यावर थेट उडते. फळीचे झाकण काढून त्याचे टोपण उघडण्याआधी भोवतालची वाळू पुसली नाही तर ती टाकीतच पडते.

चाचणी रस्त्यावरच होते, आणि हर्णेकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे, आणि तेथून आसूदमार्गे बंदराकडे येणारा सुमारे १६ किलोमीटरांचा रस्ता वळणे घेत उतरतो. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी एवढी उंची उतरते तेव्हा तिच्यात साठलेली जी ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते, ती नऊ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. त्यातला काही भाग वारा आणि इंजिन घेतात, उरलेला चार ड्रमच्या बिडात उष्णता होऊन जातो. ड्रम फुगून शूंपासून दूर होतो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल दर वळणावर थोडे अधिक खाली जाते. हा फेड, म्हणजे उष्णतेने ब्रेक दुबळा होणे, अ‍ॅडजस्टमेंटने जात नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढता येतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नेम येथे पाळावा. उतरून आल्यावर चारही ड्रमजवळ हात न टेकवता धरून पाहावा: एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल तर ते धरून चालले आहे, आणि एखादे थंडच असेल तर ते काहीच काम करत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलके धरून ब्रेक लावावा आणि गाडी सरळ थांबते का ते पाहावे. पाण्यातून आलेल्या गाडीचे ब्रेक प्रथम लागणारच नाहीत, कारण ड्रमच्या भिंतीवर पाण्याचा थर असतो. संथ वेगात पेडलवर हलका पाय ठेवून तो सुकवावा, आणि पाणी खारे असेल तर त्याच दिवशी बॅकप्लेट गोड्या पाण्याने धुवावी.

जी गाडी पावसाळाभर अंगणात किंवा मांडवाखाली उभी राहणार असेल तिचा हँडब्रेक सोडून ठेवावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड लावावेत, आणि महिन्यातून एकदा तरी पेडल दाबून गाडी हातभर पुढे-मागे करावी. एरवी गणपतीत चाकरमानी आले की लायनर गंजाने ड्रमला चिकटलेले सापडते. तसे झाले तर इंजिनाच्या जोरावर ओढण्यापेक्षा ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने सभोवार हलके ठोकावे. आणि ड्रम उतरवायचा असेल तर अ‍ॅडजस्टर आधी पूर्ण सैल करावा, कारण झिजलेल्या ड्रमच्या कडेला उरलेला काठ शूंना अडतो, आणि जोराने ओढल्यास लायनरचा टवका ड्रमबरोबर बाहेर येतो.